वर्गणी ६५ डॉलर: लेकीच्या कॉलेजच्या साप्ताहिकाचा साडेतीन वर्षांचा हिशेब

आधी व्यवहाराचं सांगते. वस्तू म्हणजे एका छोट्या लिबरल आर्ट्स कॉलेजातल्या मुलांनी चालवलेलं साप्ताहिक, छापील, टपालाने घरपोच. वर्गणी वर्षाला ६५ डॉलर. कबूल केलेले अंक २२. प्रत्यक्षात पहिल्या वर्षी १९ आले, दुसऱ्या वर्षी २१, तिसऱ्या वर्षी १८. चौथं वर्ष चालू आहे. कॉलेज ओहायोत, मक्याच्या शेतांच्या मधोमध, विद्यार्थी जेमतेम सतराशे. आम्ही न्यू जर्सीत, गाडीने नऊ तास. कॉलेजचं आणि पेपरचं नाव लिहीत नाही, कारण लेकीला मे महिन्यात तिथूनच पदवी घ्यायची आहे आणि ती त्याच पेपरात काम करते. म्हणजे हे परीक्षण निःपक्षपाती नाही, हे पहिल्याच परिच्छेदात सांगून टाकलेलं बरं. तिच्या संपादकांचा तसा नियमच आहे: लागेबांधे असतील तर आधी सांगायचे.

मी अकाउंटंट आहे. ना-नफा संस्थांची कामं बघते. एक देऊळ, दोन शाळा, प्राण्यांचा एक दवाखाना. कॉलेजची छापील फी ऐंशी हजार डॉलरच्या पुढे, शिष्यवृत्ती वजा जाता आम्हाला निम्म्याच्या आत पडते. एवढे पैसे मोजायचे आणि बदल्यात आपल्या हातात काय, तर एक चकचकीत पुस्तिका. पुस्तिकेत तीन मुलं झाडाखाली बसून हसतायत. पुढच्या वर्षी नवी पुस्तिका आली, तर तीच तीन मुलं, झाड फक्त लाल झालेलं.

पहिल्या सत्रात लेकीचे फोन आठवड्यावर गेले, तेव्हा मी कॉलेजच्या ऑफिसात फोन करून मार्कांची चौकशी केली. पलीकडच्या बाई अतिशय गोड आवाजात म्हणाल्या, "मॅम, फेर्पा." हा १९७४ चा कायदा. मूल कॉलेजात गेलं की त्याच्या शैक्षणिक नोंदी त्याच्या मालकीच्या. मुलं आपल्या टॅक्स रिटर्नवर अवलंबून असतील तर कॉलेज पालकांना सांगू शकतं, पण सांगायलाच पाहिजे असं नाही, आणि मुलाच्या सहीशिवाय सहसा कोणी सांगत नाही. हे मला वाचून माहीत होतं. अनुभवायला वेगळं वाटलं. चेक माझा, सही तिची.

त्याच रात्री कॉलेजच्या वेबसाइटवर इकडेतिकडे फिरताना विद्यार्थ्यांच्या पेपरचं पान सापडलं, आणि तळाशी अगदी बारीक अक्षरात लिहिलेलं: छापील अंक टपालाने मिळेल. ह्यांचं म्हणणं, "अगं, सगळं इंटरनेटवर फुकट आहे की." तरी मी पैसे भरले. फुकट गोष्ट मी रोज बघायची विसरते. पैसे भरलेली वस्तू वेळेवर आली नाही, की मला बरोबर आठवते.

आता वस्तू कशी आहे ते. अंक टॅब्लॉइड आकाराचा, मधोमध घडी घालून साध्या पांढऱ्या पाकिटात. कागद पातळ, शाई बोटांना लागते. पानं आठ किंवा बारा, कधीच नऊ नाहीत, कारण मोठा कागद दुमडला की चार पानं होतात आणि छापखाना त्याच हिशेबाने चालतो. ही शिस्त मला आवडते. मात्र दहा पानांपुरता मजकूर असेल त्या आठवड्यात उरलेली दोन पानं भरावी लागतात, आणि मग बर्फाचा फोटो मोठा होतो. फेब्रुवारीतल्या एका अंकात बर्फाचा फोटो अर्धं पान होता. त्याखाली ओळ: कॅम्पसवर बर्फ.

अंक कॉलेजात गुरुवारी सकाळी वाटला जातो. आमच्याकडे त्याच्या पुढच्या आठवड्यात शनिवारी येतो, म्हणजे नऊ दिवसांनी. पाकिटं भरायचं काम दुसऱ्या वर्षातला एक मुलगा करतो, त्याचा हुद्दा बिझनेस मॅनेजर. परीक्षा आल्या की पाकिटं थांबतात. अंक न आल्याची तक्रार ईमेलने करायची. उत्तर रात्री दोन वाजता येतं, फार नम्र असतं, शेवटी "माझीच चूक" असं असतं, आणि अंक तरीही येतोच असं नाही.

अंक उघडला की मी आधी तिसरं पान काढते. तिथे डाव्या बाजूला कॅम्पस सेफ्टीच्या नोंदवहीतल्या आठवड्याच्या नोंदी असतात. एवढ्या एका रकान्यासाठी ६५ डॉलर द्यायला मी तयार आहे. नमुने देते, भाषांतर माझं. "मंगळवार, रात्री १:४०. फायर अलार्म. कारण: पॉपकॉर्न." "बुधवार, रात्री १:१५. त्याच इमारतीत फायर अलार्म. कारण: पॉपकॉर्न." "शुक्रवार. सायकल चोरीला गेल्याची तक्रार. सायकल शेजारच्या रॅकवर सापडली, कुलूप तक्रारदाराचंच." "रविवार. बदकांनी लायब्ररीची वाट अडवल्याची तक्रार. अधिकारी पोचेपर्यंत बदकं निघून गेली होती." ही बदकं म्हणजे खरं तर कॅनडा गूस, अंगाने दांडगी आणि स्वभावाने वाईट. पण मजकुरात वर्णन नाही, विशेषण नाही, मत नाही. वेळ, जागा, घटना, निकाल. माझ्या हाताखालच्या पोरांना ऑडिटचं टिपण असं लिहिता आलं असतं तर माझे केस इतक्या लवकर पांढरे झाले नसते.

लेकीच्या होस्टेलचं नाव त्या रकान्यात आलं की मात्र हसू थांबतं. दुसऱ्या वर्षी एका अंकात तिच्या इमारतीबद्दल पॉपकॉर्नपेक्षा गंभीर नोंद होती. काय ते लिहीत नाही. मी फोन केला. ती म्हणाली, "आई, ते होऊन दोन आठवडे झाले." नोंद वहीत जायला दोन दिवस, अंक छापायला काही दिवस, टपालाला नऊ. माझी काळजी नेहमीच शिळी असते.

या रकान्याचा इतिहास मी तेव्हा शोधला. जीन क्लेरी नावाची १९ वर्षांची मुलगी १९८६ मध्ये पेनसिल्व्हेनियातल्या लीहाय विद्यापीठात तिच्या होस्टेलच्या खोलीतच मारली गेली. तिचे आईवडील त्यानंतर वर्षानुवर्षं कायद्यासाठी झटत राहिले. १९९० मध्ये कायदा झाला. सरकारी आर्थिक मदत घेणाऱ्या कॉलेजांना, मग ती खाजगी का असेनात, गुन्ह्यांची माहिती जाहीर करावी लागते. दरवर्षी १ ऑक्टोबरपर्यंत सुरक्षा अहवाल काढावा लागतो आणि सुरक्षा विभाग असेल तर रोजची नोंदवही कोणालाही बघायला खुली ठेवावी लागते. कोणालाही म्हणजे खरंच कोणालाही, दर सोमवारी वही आणि पेन घेऊन जाणाऱ्या पहिल्या वर्षाच्या बातमीदारालासुद्धा. पेपरात नव्याने आलेल्या प्रत्येकाला पहिलं काम हेच मिळतं. लेकीनेही एक सत्र केलं. सायकलची नोंद तिची. तिला वाटतं मला माहीत नाही.

आता तक्रारी. पहिली वैयक्तिक आहे आणि त्यात माझीही थोडी लाज आहे.

पहिल्या वर्षीच्या ऑक्टोबरातला अंक. शनिवारी चहा घेताना मतमतांतराचं पान उघडलं, तर लेकीचा लेख. तिचा पहिलाच. विषय: सतत फोन करणारे पालक. त्यात एक आई होती. ती आई मुलीच्या फोनचं लोकेशन बघून "लायब्ररीतून निघालीस का" असा मेसेज करते. ती आई डायनिंग हॉलचा मेनू घरी बसून वाचते आणि "आज राजमा आहे, घे" असं कळवते. लेख चांगला होता हो. वाक्यं आखूड, विनोद जागेवर, शेवटी माया पण होती. पण तो गुरुवारी वाटला गेला होता आणि मी वाचला पुढच्या आठवड्यातल्या शनिवारी. नऊ दिवस अख्खं कॉलेज मला ओळखत होतं आणि मला पत्ता नव्हता.

मी तिला म्हटलं, निदान इंटरनेटवरून तरी काढून टाक, उद्या माझ्या एखाद्या क्लायंटने वाचलं तर? तिने उत्तरादाखल एक लिंक पाठवली. पेपरचं लेखी धोरण: छापून आलेला मजकूर, तथ्याची चूक नसेल तर, काढला जात नाही. नंतर कळलं की ही विनंती करणारी मी एकटी नाही. दहा-पंधरा वर्षांपूर्वी तिथे शिकून गेलेले लोक दर महिन्याला लिहितात: मी तेव्हा अमुक मोर्चात बोललो होतो, तमुक गाण्याच्या बँडबद्दल काहीतरी बरळलो होतो, आता नोकरी शोधतोय, गुगलवर तेच पहिलं येतं, कृपया काढा. एकोणीस-वीस वर्षांची पोरं या विनंत्यांवर रविवारी मीटिंग घेऊन एकेक निकाल देतात. बहुतेक वेळा नाही म्हणतात. क्वचित नाव काढून आद्याक्षर ठेवतात, आणि तसं केल्याची टीप लेखाखाली लिहितात. मी विचारलं, "मग माझ्या बाबतीत तथ्याची चूक आहे ना, राजमा नव्हता, छोले होते." ती म्हणाली, "मी मेनू तपासला होता, आई."

त्या दिवसापासून लोकेशन बघणं मी कमी केलं. बंद केलं असं म्हणणार नाही.

दुसरी तक्रार तांत्रिक. जागा इतकी लहान की बातमीदार, बातमीतला माणूस आणि वाचक एकाच टेबलावर जेवतात. नाटकाचं परीक्षण वाचा: दिग्दर्शन सफाईदार, अभिनय दमदार, प्रकाशयोजना कल्पक, कारण प्रकाशयोजना करणारी पोरगी समोरच्या खोलीत राहते. साडेतीन वर्षांत मी एकाही नाटकाला नावं ठेवलेली बघितली नाहीत, आणि त्यातली दोन मी फॅमिली वीकेंडला स्वतः बघितली आहेत. ओळीने दहा अंक समोर ठेवून मोजलं, तर एका मुलाचं मत सात अंकांत आलं होतं: विद्यार्थी सिनेटचा खजिनदार म्हणून, रेडिओ स्टेशनचा म्हणून, फ्रिस्बीच्या संघाचा म्हणून, आणि एकदा नुसताच "लॉनवरून जाणारा विद्यार्थी" म्हणून. खेळाची पानं मी उलटते. कॉलेज डिव्हिजन थ्रीमधलं, तिथे खेळासाठी शिष्यवृत्ती नसते, मुलं हौसेने खेळतात आणि हौसेने हरतात.

आणखी एक गोष्ट, वर्गणीदाराला उपयोगी. जानेवारी ते मार्च अंकाचा दर्जा घसरतो. कारण साधं आहे. अशा कॉलेजांत तिसऱ्या वर्षातली बरीच मुलं एक सत्र परदेशी जातात, त्यामुळे ज्याला डिसेंबरपर्यंत काम जमायला लागलेलं असतं तो जानेवारीत एडिनबराला निघून जातो. पत्रकारिता हा विषयच तिथे शिकवत नाहीत. नातेवाइकांना मी हे दरवेळी समजावते: लिबरल आर्ट्स म्हणजे चित्रकला नव्हे, तिथे फिजिक्सही आहे आणि ग्रीकही, पण धंद्याचं शिक्षण सहसा नाही. म्हणजे मथळा कसा द्यायचा हे वरच्या वर्गातल्या मुलीने खालच्या वर्गातल्या मुलाला शिकवायचं. ती गेली की तिच्याबरोबर विद्या गेली. यंदा जानेवारीच्या एका अंकात एका प्राध्यापकांचं नाव एकाच बातमीत दोन तऱ्हांनी छापलं होतं आणि फोटोखाली तिसऱ्या.

मात्र पुढच्या अंकात दुसऱ्या पानावर चौकट होती. चौकट दर अंकात असते, मथळा "दुरुस्ती". कोणत्या तारखेच्या अंकात, कोणत्या बातमीत, काय चुकलं, बरोबर काय. मी ही चौकट धंद्याच्या सवयीने वाचते. आणि आता ती मोठी गोष्ट सांगते.

गेल्या वर्षी एका मंगळवारी रात्री अकराला लेकीचा फोन. मी दुसऱ्या दिवशीच्या डब्याची भाजी चिरत होते. "आई, शेड्यूल जे म्हणजे काय?"

माझा सुरा थांबला. लेकीने माझ्या कामाबद्दल आपणहून विचारलेला तो पहिला प्रश्न होता.

शेड्यूल जे हे फॉर्म ९९० चं शेपूट. अमेरिकेत ना-नफा संस्था सहसा आयकर भरत नाहीत, पण त्यातल्या बहुतेकांना दरवर्षी हा फॉर्म भरावा लागतो आणि तो जाहीर असतो. खाजगी कॉलेजंही त्यात आली. संस्थेकडे जाऊन मागा, दाखवावाच लागतो. नाहीतर प्रोपब्लिका या शोधपत्रकारिता करणाऱ्या संस्थेच्या साइटवर फुकट बघा. त्यात मोठ्या अधिकाऱ्यांचे पगार असतात, आणि दीड लाख डॉलरच्या वर असलेल्यांची फोड शेड्यूल जे मध्ये. मी तिला रकाने समजावले: मूळ पगार, बोनस, इतर, मग निवृत्ती आणि पुढे ढकललेली रक्कम, मग करमुक्त सोयी, मग बेरीज. "हे कोणाचं आहे?" असं विचारलं. "सांगता येणार नाही." "बरं. आणि हा शेवटचा एफ?" असं तिने विचारलं, तेव्हा भाजी करपायला लागली होती. मी म्हटलं, "तो सोडून दे गं, तो आमच्यासारख्यांसाठी असतो."

त्याच्या पुढच्या आठवड्यातल्या शनिवारी पाकीट आलं. पहिल्या पानावर, लेकीच्या नावाने: अध्यक्षांचा मोबदला एका वर्षात ४१ टक्क्यांनी वाढला, डायनिंग हॉलच्या कामगारांचे तास कमी झाले. आकडे होते ६,१२,००० आणि ८,६३,०००. मी उभ्याउभ्याच फॉर्म उघडला आणि एफ रकाना बघितला. तिथे २,१५,००० होते.

ज्यांना या भानगडीत पडायचं नाही त्यांनी हा परिच्छेद ओलांडावा. संस्था एखाद्या अधिकाऱ्याला सांगते, पाच वर्षं टिकलास तर अमुक रक्कम एकदम देऊ. ती रक्कम दरवर्षी थोडी थोडी बाजूला काढली जाते, आणि त्या त्या वर्षीच्या फॉर्मवर मोबदला म्हणून दिसते. इथे वर्षाला ४३,०००. पाच वर्षांनी पैसे हातात पडले की ते सगळेच्या सगळे, २,१५,०००, त्या वर्षीच्या बेरजेत पुन्हा दिसतात. एकच पैसा दोनदा. म्हणून एफ रकाना: बेरजेतले इतके पैसे आम्ही आधीच्या वर्षांत दाखवले होते, अशी ती कबुली. ८,६३,००० मधून ते वजा केले की उरतात ६,४८,०००. वाढ सहा टक्क्यांच्याही आत.

मी फोन केला. सगळं ऐकून ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "आई, तूच सोडून दे म्हणालीस."

आता मी माझा सल्ला सांगते, लपवत नाही. मी म्हटलं, कोणाच्या लक्षात आलंय का? कॉलेजच्या जनसंपर्क विभागाकडून एक चिडकी ईमेल आली होती, बातमी दिशाभूल करणारी आहे म्हणून, पण नेमकं काय चुकलंय ते त्यांनीही लिहिलं नव्हतं. मग गप्प बस, मी म्हटलं. अंक जुना झाला, मुलं परीक्षेच्या नादात आहेत, तुझ्या नावाने छापलंय. तीस वर्षं लोकांचे हिशेब तपासणारी बाई हे बोलत होती. ती म्हणाली, "मी संपादकांना आत्ताच सांगते," आणि फोन ठेवला.

दुरुस्ती पुढच्या अंकात आली. दुसऱ्या पानावरच्या चौकटीत नाही, पहिल्या पानावर. चूक पहिल्या पानावर केली तर दुरुस्तीही पहिल्या पानावर, असं त्यांनी त्या रविवारी ठरवलं. चार परिच्छेद. कोणता रकाना वाचायचा राहिला, बरोबर टक्केवारी किती, मथळा का चुकीचा होता. कामगारांच्या तासांची माहिती बरोबर होती, ती तशीच ठेवली आहे, हेही स्पष्ट लिहिलं. आणि शेवटी एक वाक्य, जे मी ओट्याला टेकून तीनदा वाचलं: बातमीदाराने फॉर्म समजून घेण्यासाठी या क्षेत्रात काम करणाऱ्या कुटुंबातल्या व्यक्तीची मदत घेतली होती, यापुढे अशा कागदपत्रांसाठी बाहेरच्या तज्ज्ञांशी बोललं जाईल.

म्हणजे त्या पेपरात मी दुसऱ्यांदा आले. दोन्ही वेळा नाव नव्हतं, दोन्ही वेळा ओळखायला कोणाला अडचण आली नसणार.

आमच्या धंद्यात याला रीस्टेटमेंट म्हणतात. त्यासाठी लोक वकील लावतात, पत्रकातल्या एका क्रियापदावर दोन दोन आठवडे घासाघीस करतात, आणि शेवटी शुक्रवारी संध्याकाळी, कोणी वाचणार नाही अशा वेळी, कागद पुढे सरकवतात. इथे वीस वर्षांच्या मुलीने आपल्या नावाची बातमी आपल्याच हाताने खोडली, आणि ती खोडलेली बातमी ६५ डॉलर देऊन मी घरी मागवली.

संपादकीय खोली एकदा बघितली आहे. स्टुडंट सेंटरच्या तळघरात, खिडकी नाही. एक सोफा, त्याची स्प्रिंग बसणाऱ्याला कळते. भिंतीला जुन्या अंकांचे बांधीव खंड, खालच्या कप्प्यातले ओल लागून फुगलेले. फळ्यावर बातम्यांची यादी, एकीपुढे तीन प्रश्नचिन्हं. मी घरून चकल्या नेल्या होत्या, डबा दहा मिनिटांत रिकामा. मग कोणीतरी म्हणालं, मीटिंग सुरू करू या, आणि लेक माझ्याकडे वळली. "आई, तू आता बाहेर बस." मी बाहेर व्हेंडिंग मशीनजवळ चाळीस मिनिटं बसले. आतून हसण्याचे आवाज येत होते, मग बराच वेळ काहीच नाही.

तुलना करायची म्हणून बाकीचे पेपरही चाळले. ओहायोतच केनयन कॉलेजचा कलेजियन १८५६ पासून आहे, ओबरलिनचा रिव्ह्यू १८७४ पासून. मेन राज्यातल्या बोडोइन कॉलेजचा ओरिएंट १८७१ चा, आणि अखंड चालू असलेलं देशातलं सर्वांत जुनं कॉलेज साप्ताहिक आपणच, असं ते सांगतात. आयोवातल्या ग्रिनेल कॉलेजचा स्कार्लेट अँड ब्लॅक १८९४ चा. आमचा पेपर या पंगतीत शेवटी बसेल. स्टॅनफर्डसारखं तर नाहीच नाही, जिथे विद्यार्थ्यांच्या दैनिकाने संशोधनातल्या गफलती बाहेर काढल्यावर २०२३ मध्ये अध्यक्षांना पायउतार व्हावं लागलं. आमच्याकडे अध्यक्ष जागेवर आहेत आणि त्यांची पगारवाढ सहा टक्क्यांच्या आत आहे.

पण एका बाबतीत आमच्या पेपरला वेगळे गुण द्यायला हवेत. त्या गावचं स्वतःचं जुनं साप्ताहिक बंद पडलंय. नगर परिषदेच्या बैठकीला आता मागच्या रांगेत बसलेला कॉलेजचा बातमीदार, एवढीच काय ती हजेरी. पाण्याच्या बिलाची बातमी सातव्या पानावर, फ्रिस्बीच्या वर. कॉलेजातल्या मुलांना त्याचं काही नाही, पण गावातल्या न्हाव्याच्या दुकानात अंकाचा गठ्ठा ठेवतात आणि तो संपतो, असं लेक सांगते. आयोवात तर याच्या पुढची पायरी झाली: तिथल्या विद्यापीठाच्या विद्यार्थी दैनिकाने, डेली आयोवनने, २०२४ मध्ये शेजारच्या गावांची दोन साप्ताहिकं विकतच घेतली. त्यातलं एक माउंट व्हर्ननचं, तेही असंच छोटं लिबरल आर्ट्स कॉलेज असलेलं गाव.

एक धोका वर्गणीदाराने लक्षात घ्यावा. खाजगी कॉलेजातल्या पेपरला अमेरिकन राज्यघटनेतलं अभिव्यक्तिस्वातंत्र्याचं कलम सरळ लागू होत नाही, कारण ते सरकारला बांधतं, खाजगी संस्थेला नाही. कॅलिफोर्नियात १९९२ पासून खाजगी कॉलेजांसाठी वेगळा कायदा आहे. ओहायोतल्या मुलांना ते कवच नाही. त्यांचे छपाईचे पैसे विद्यार्थी फीमधून, सिनेटच्या मंजुरीने येतात, म्हणजे त्या सात अंकांत बोललेल्या खजिनदाराच्या हातून. त्याच्या सिनेटवर टीका करणारा अग्रलेख छापल्यावर पुढच्या वर्षीच्या मागणीतून रंगीत पानाचे पैसे कापले गेले. योगायोग असेल. तेव्हापासून बर्फाचा फोटो काळापांढरा येतो, आणि खरं सांगायचं तर जास्त बरा दिसतो.

मुलांना अशा कॉलेजात पाठवायचा विचार असलेले ओळखीचे पालक मला फोन करतात. त्यांना मी सांगते, कॅम्पसची टूर घ्या, पण गाइड मुलगा पाठीमागे चालत जिथे जिथे नेईल तिथे जाऊन झाल्यावर दाराशी पडलेला पेपर उचला आणि विमानात वाचा. शक्यतो नोव्हेंबरचा, फेब्रुवारीचा नको. दुरुस्तीची चौकट आहे का बघा. सुरक्षेच्या नोंदी आहेत का बघा. अध्यक्षांचा हसरा फोटो पहिल्या पानावर असेल, तर तो पेपर मुलांचा की जनसंपर्क विभागाचा, ते एकदा विचारा. टपालाची वर्गणी मात्र ज्यांना नऊ दिवस थांबण्याचा धीर आहे त्यांनीच घ्यावी.

गुण विचाराल तर छपाईला पाचपैकी तीन, टपालाला एक, नाटकाच्या परीक्षणांना शून्य, तिसऱ्या पानाला पाच. दुरुस्तीला किती द्यायचे ते मी देऊ शकत नाही, माझे लागेबांधे आहेत.

लेक मे महिन्यात बाहेर पडेल. वर्गणीचा नवा फॉर्म परवा आला. त्यात तीन चौकोन आहेत: पालक, माजी विद्यार्थी, इतर. ह्यांनी विचारलं, आता कशाला? मी "इतर"वर खूण करून चेक पाकिटात घातला. सोबत चिठ्ठी ठेवली की अंक क्रमांक १४ अजून आलेला नाही.